दूध शे त्याम्हा

वैशाखात खानदेशातली एखादी मुरमाड टेकडी बघावी. गवत वाळून पांढुरकं झालेलं, साग उघडेबोडके, दगडाला हात लावला तर पोळेल. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास, धुळ्याच्या बाजूला धुळीचा वारा. अशात उतारावर एका जागी हिरवा ठिपका दिसतो. निवडुंगाचं बेट. पानं केव्हाच गळालेली, नुसत्या काटेरी कांड्या उभ्या, पण हिरव्या आणि रसरशीत. गुरं त्याला वळसा घालतात, गुराखी पोरंही. एखाद्या लहानग्यानं त्यावर काठी उगारली की मोठा पोरगा ओरडतो, ‘हात नको लावू, दूध शे त्याम्हा!’

त्यात दूध आहे, एवढ्याशा या अहिराणी वाक्यात या झाडाबद्दलचं अर्धं शहाणपण आलं. काटा त्या पोराला महत्त्वाचा वाटत नाही. काटा टोचला तर काढता येतो. दूध डोळ्यात गेलं तर दिवस वाया जातो, कधी डोळाही. शहरात मात्र उलटं झालं आहे. गच्चीवर, पोर्चमध्ये, दुकानाच्या काऊंटरवर हेच कूळ कुंडीतून आलं, आणि ते वाक्य टेकडीवरच राहिलं. काटे बघून लोक जपून वागतात, दुधाचं कुणी सांगतच नाही. दुसरी गोष्ट अशी की ज्या मुलखात पाण्याच्या प्रत्येक हंड्याचा हिशोब असतो, तिथेच ही झाडं पाण्याच्या अतिरेकानं मरतात. या झाडाबाबत आपली भीतीही चुकीच्या जागी आहे आणि मायाही. लिहायचं आहे ते या दोन्हींबद्दल.

आधी झाड कोणतं ते नक्की करू. रोपवाटिकेत ‘कॅक्टस’ म्हणून जो उभा, तीन धारांचा, खांबासारखा वाढणारा, धारेवर छोटी चमच्यासारखी पानं असलेला प्रकार मिळतो, तो कॅक्टस नाही. तो युफोर्बिया ट्रायगोना. मूळ आफ्रिकेतला. त्याची तांबूस-जांभळ्या पानांची जातही मिळते. आपल्या टेकड्यांवरचा निवडुंग, बांधावरचा त्रिधारी, शेताच्या कुंपणाचा पेन्सिलीएवढ्या कांड्यांचा शेर, ही सगळी याची सख्खी-चुलत भावंडं. सीमेपलीकडे गुजरातीत यांना थोर म्हणतात. युफोर्बिया या एकाच वंशात सुमारे दोन हजार जाती आहेत आणि नाताळात लाल पानांनी मिरवणारं पॉइनसेटियाही त्यातलंच. नाव मात्र एका वैद्याचं आहे: उत्तर आफ्रिकेतल्या जुबा राजाच्या पदरी युफोर्बस नावाचा ग्रीक वैद्य होता, त्याच्यावरून.

खरे कॅक्टस अमेरिकेचे. आपल्याकडे बांधावर दिसणारा चपट्या फडांचा, लाल बोंडांचा फड्या निवडुंग त्यांच्यातला, बाहेरून आलेला. दोन्ही कुळं वेगवेगळ्या खंडांत कोरड्यात जगायला शिकली आणि शिकता शिकता एकमेकांसारखी दिसू लागली. ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे लवदार उशीसारख्या ठिपक्यातून झुबक्यानं येतात. युफोर्बियाचे काटे धारेवर जोडीजोडीनं, बैलाच्या शिंगांसारखे. दुसरी खूण दुधाची. ती बघण्यासाठी दुकानात नखानं खरवडायची गरज नाही. जोडकाटा दिसला की दूध आहे असं धरून चालावं.

हे दूध आहे तरी काय? खोडात, पानात, मुळातसुद्धा बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात ते दाबाखाली भरलेलं असतं. म्हणून ओरखडा पडला तरी थेंब उसळून येतो आणि जाड खोड कापलं तर धार लागते. हवेत ते चिकट होतं, सुकून रबरासारखी खपली धरते. झाडाच्या दृष्टीनं हा मलमपट्टीचा आणि राखणीचा एकत्र बंदोबस्त आहे. जखम बुजते, आणि खायला आलेल्याचं तोंड पोळतं. पोळण्याचं काम त्यातले डायटर्पीन एस्टर करतात, फोरबॉल आणि इंजेनॉल या गटातली द्रव्यं. मोरोक्कोतल्या युफोर्बिया रेसिनिफेरा या भावंडात रेसिनिफेराटॉक्सिन नावाचं द्रव्य सापडतं. मिरचीच्या तिखटपणाच्या मापावर ते शुद्ध कॅप्सेसिनच्या सुमारे हजार पट भरतं. आपलं कुंडीतलं झाड इतकं जहाल नाही, पण घराणं तेच.

या दुधाची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ते लगेच बोलत नाही. कातडीवर पडलं तर पहिल्या काही मिनिटांत अनेकदा काहीच होत नाही. माणूस हात पँटला पुसतो, काम संपवतो, चहा पितो. दोन-चार तासांनी लाली, जळजळ, मग फोड. तोवर त्या हातानं कपाळाचा घाम पुसलेला असतो, डोळा चोळलेला असतो. आपल्याकडे मार्चनंतर घाम पुसल्याशिवाय दहा मिनिटं जात नाहीत, आणि बहुतेक अपघात याच वाटेनं होतात. थेंब थेट डोळ्यात उडण्यापेक्षा हातानं डोळ्यात नेला जाण्याची भीती जास्त.

म्हणून हातमोजे. पण कोणते? विणलेले सुती मोजे अजिबात नकोत. ते दूध शोषतात आणि तासभर कातडीला चिकटवून ठेवतात, मोजे नसते तर परवडलं असतं असं होतं. आत नायट्राइलचे पातळ मोजे आणि वरून चामड्याचे किंवा जाड रबराचे, अशी जोडी चांगली. आतला दुधाला अडवतो, बाहेरचा काट्याला. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा हवा, वेल्डिंगच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नंबरचा चष्मा पुरत नाही, कडेनं थेंब जातो. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालावा; दुधाचे डाग सुकल्यावर काळपट पडतात आणि निघत नाहीत. काम सुरू करण्याआधी पाण्याची बादली आणि साबण हाताशी ठेवावा, कारण नंतर चिकट हातानं नळ उघडायला जायचं नाही. आणि डोक्याच्या वरच्या फांदीवर कधीही कोयता चालवू नये. उंच झाडाची छाटणी करायची तर आपण वर आणि फांदी खाली अशी सोय करावी. वारा पाठीवर घ्यावा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. या वाऱ्यात उडालेला थेंब कुठे जाईल त्याचा नेम नसतो.

एवढं करूनही डोळ्यात गेलंच, तर पुढची पंधरा-वीस मिनिटं फक्त पाणी. वाहतं, स्वच्छ, पिण्याचं पाणी. पापणी बोटांनी उघडी धरून, डोकं बाधित डोळ्याच्या बाजूला झुकवून, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात उतरणार नाही. पापणी उघडणारे हात आधी साबणानं धुतलेले हवेत. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर लगेच काढावी. चोळू नये. तूप, गुलाबपाणी, मध, एरंडेल, आईचं दूध यांतलं काहीही घालू नये, घरात उरलेले जुने ड्रॉप्स तर मुळीच नकोत; स्टिरॉइडचे ड्रॉप द्यायचे की नाही हे डोळा तपासून डॉक्टरच ठरवतील. आणि धुतल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावंच. कारण बुबुळाची सूज कित्येकदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वाढते. सोबत झाडाचा फोटो न्यावा, म्हणजे काय गेलं हे डॉक्टरांना कळतं. वेळेत धुतलेले आणि नीट उपचार झालेले बहुतेक डोळे पूर्ण बरे होतात. वाईट गोष्टी घडतात त्या ‘बघू सकाळी’ म्हणून थांबलेल्यांच्या.

कातडीवर पडलं तर साबण आणि भरपूर पाणी, लगेच. सुकून चिकटलं असेल तर आधी थोडं खाद्यतेल लावून सैल करावं, मग साबण. पोटात गेलं, म्हणजे लहान मुलानं पान चावलं असं झालं, तर तोंड धुवून चूळ भरायला लावावी, उलटी काढू नये आणि दवाखाना गाठावा. घरात रांगतं मूल किंवा सगळं चावून बघणारं कुत्र्याचं पिल्लू असेल, तर दोन-तीन वर्षं हे झाड गच्चीवर राहू द्यावं.

इथे औषधाचं थोडं बोलणं भाग आहे. निवडुंग म्हणजे आयुर्वेदातली स्नुही. तिच्या चिकाला तीक्ष्ण विरेचक, म्हणजे जोराचे जुलाब करणारा, म्हटलं आहे आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात तिच्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. भगंदरावर वापरतात तो क्षारसूत्र नावाचा औषधी दोरा तयार करताना त्यावर स्नुहीच्या चिकाचे ११ लेप, मग अपामार्ग (आघाडा) क्षारासह ७ आणि शेवटी हळदीसह ३, असे २१ लेप चढवतात. प्रत्येक लेप सुकवून पुढचा. ही विद्या शिकलेल्या माणसाची, मोजमापाची गोष्ट आहे. त्यावरून धीर घेऊन चामखिळीवर, दुखऱ्या दातावर किंवा कानात चीक सोडणं म्हणजे क्षारसूत्र नव्हे. आणि रोपवाटिकेतली ट्रायगोना तर स्नुहीही नव्हे.

आता लावणीकडे येऊ. खानदेशची काळी जमीन कापसाला आणि केळीला सोनं आहे, पण या झाडाच्या कुंडीत ती घालू नये. काळी माती पाणी धरून फुगते, सुकली की आकसून भेगाळते. फुगते तेव्हा मुळांचा श्वास कोंडतो, आकसते तेव्हा बारीक मुळं तुटतात, आणि पुढचं पाणी कुंडीच्या कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मधला गोळा कोरडाच. मग माणसाला वाटतं झाड तहानलं, तो आणखी पाणी ओततो.

झाडाला हवा असलेला माल टेकडीवर पायाखालीच असतो. मुरूम. दहा लिटर मिश्रणासाठी चाळलेला मुरूम ४ लिटर, विटांचा चुरा २ लिटर, जाड वाळू २ लिटर आणि पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत २ लिटर. वर निंबोळी पेंड मूठभर. मुरूम आणि विटेचे खडे हरभऱ्याएवढे असावेत. चाळणीतून खाली पडणारी भुकटी टाकून द्यावी, सगळी गंमत तिथेच बिघडते. ती भुकटी पाण्यासोबत तळाला जाऊन सिमेंटसारखी बसते. क्रशची वाळू वापरायची तर पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. अर्धं कच्चं शेणखत नको, ते कुंडीत तापतं आणि हुमणी आणतं. मिश्रण बरोबर झालं का ते बघायला ओलं करून मुठीत दाबावं. मूठ उघडल्यावर लाडू बनून राहिला तर मुरूम कमी पडला. आपसूक विस्कटलं तर जमलं.

कुंडी मातीची, पसरट बुडाची. दोन फुटांच्या झाडाला आठ ते दहा इंचांची पुरे. मोठी कुंडी म्हणजे मुळं पोचत नाहीत तिथेही साठलेली ओल. तळाच्या भोकावर खापराचा एक तुकडा ठेवावा, माती वाहू नये एवढ्यासाठी. तळाला विटा-दगडांचा जाड थर द्यायची पद्धत सर्रास आहे, पण तिनं निचरा सुधारत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या मोठ्या फटींत उतरतच नाही, आणि ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. दगड घालायचेच तर वर, मातीच्या पृष्ठभागावर घालावेत. खांबासारखं झाड वाऱ्यात कलंडतं, त्याला वजन मिळतं.

पाण्याचं वेळापत्रक लिहून द्यावं असं सगळ्यांना वाटतं. खरं वेळापत्रक एका काडीत असतं. आईस्क्रीमची किंवा बांबूची सुकी काडी चार बोटं खोल खुपसावी, पाच मिनिटांनी काढावी. ओलसर निघाली, माती चिकटली, तर थांबावं. कोरडी निघाली तर भोकातून पाणी येईपर्यंत भरपूर द्यावं आणि बशीतलं पाणी ओतून टाकावं. रोज कपभर देणं सगळ्यात वाईट. वरचं बोटभर ओलं राहतं आणि खोडाचा बुंधा तिथेच कुजतो. या हिशोबानं आपल्याकडे मार्च ते जून सात ते दहा दिवसांनी पाळी येते, पावसाळ्यात छपराखाली असेल तर पंधरा-वीस दिवसांनी, दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी. पौषात रात्रीचा पारा १० च्या खाली उतरला की पाणी बंद. थंड आणि ओलं ही जोडी त्याला सोसत नाही. थंड आणि कोरडं बरंच सोसतं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या पाइपातलं पाणी हाताला पोळेल इतकं तापतं. ते पहिलं पाणी बादलीत काढून ठेवावं, गार लागलं की मग कुंडीत सोडावं. शक्यतो सूर्य मावळल्यावर. कुंडीची मातीच दुपारी इतकी तापलेली असते की त्यात पाणी घालणं म्हणजे मुळं शिजवणं. बोअरच्या जड पाण्याचं आणखी एक दुखणं आहे, कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी खार चढते. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सलग सोडून ती धुऊन काढावी. मृगाचं पाणी मिळालं तर त्याहून उत्तम.

हे झाड रात्री श्वास घेतं, म्हणजे पानाखोडावरची छिद्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवतं आणि दिवसा दारं बंद ठेवून त्यावर अन्न बनवतं. भरदुपारी त्याची वाफ फारशी उडत नाही ती यामुळे. दुपारी ते सुकल्यासारखं दिसलं तरी धावत जाऊन पाणी घालायचं कारण नाही. पाणी कमी पडलं की ते आधी पानं टाकतं, मग धारांच्या मधला भाग किंचित आत ओढून घेतं. पानं गळली म्हणून घाबरणारे फार. पण थंडीत आणि टंचाईत पानं टाकणं ही त्याची रीतच आहे, टेकडीवरचं भावंडही तेच करतं.

उन्हाचं मात्र ऐकावं लागतं. आफ्रिकेचं झाड म्हणून त्याला आपलं ऊन काय करणार, असं वाटतं. पण दुकानातलं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते चैत्रात आणून थेट पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलं, तर दोन दिवसांत उन्हाच्या बाजूला फिकट डाग पडतो, मग तो तपकिरी बुचासारखा होतो. तो डाग कायमचा. त्याला सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं करत दोन-तीन आठवड्यांनी उघड्यावर न्यावं. एप्रिल-मे महिन्यांत भिंतीची धगही धरा; दुपारी बारानंतर ५० टक्के सावलीची जाळी खानदेशात तरी लावावीच. याच्या उलट, घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड शेंड्याकडे बारीक होत जातं. पुढे उजेड मिळून वरचा भाग जाड झाला तरी ती बारीक मान तशीच राहते आणि एक दिवस तिथूनच मोडते. कुंडी दर पंधरवड्याला पाव फेरा फिरवत राहावी, नाही तर खांब खिडकीकडे वाकतो.

खत थोडं. केळीच्या ठिबकातून सोडतात ते १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, पाडव्याच्या सुमारास एकदा आणि श्रावणात एकदा, ओल्या मातीवर. जास्त नत्र दिलं की खोड फुगतं, पातळ सालीचं होतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात उभं चिरतं. केळी भराभर वाढवायची सवय असलेल्या हाताला हे झाड फार सावकाश वाटेल. त्याला सावकाशच वाढू द्यावं.

या झाडाची खरी मजा कलमात आहे, आणि खानदेशचं हवामान कलमाला फार मानवतं. होळी ते अक्षय्य तृतीया हा काळ धरावा. झाड जागं झालेलं असतं आणि कोरड्या हवेत जखम लवकर सुकते. पावसाळ्यात कापलेली कांडी सुकण्याआधी कुजते, थंडीत कापलेली महिनोन् महिने तशीच बसून राहते.

वीतभर ते हातभर लांबीची कांडी निवडावी, जोडाशी जिथे ती सगळ्यात बारीक असते तिथून कापायची. जोडाशी जखम लहान होते. कापायच्या आधी उन्हाची बाजू कोणती त्यावर पेन्सिलीनं खूण करावी, पुढे तीच बाजू उन्हाकडे ठेवली तर सावलीतली साल भाजत नाही. जुनं बारदान किंवा वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्ट्यासारखी कांडीभोवती गुंडाळावी आणि तिचं टोक धरावं; मुठीनं आवळू नये, काटे मोडतात आणि धारेवर दूध फुटतं. सुरी धारदार, स्पिरिटनं पुसलेली. करवतीसारखं घासायचं नाही, एका दमात कापायचं.

दूध येईल. येऊ द्यावं. मग गार पाण्याचा फवारा दोन्ही जखमांवर मारावा, पाण्यानं चीक गोठतो आणि धार थांबते. कांडीचं टोक पाण्याच्या डब्यात मिनिटभर बुडवलं तरी चालतं. तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. उरलेला चीक टोकावर सुकून राहिला तर तो मुळांची वाट अडवतो, म्हणून धुणं महत्त्वाचं. मग कोळशाची बारीक पूड दाबून लावावी. मूळ झाडावरचा काप तिरका ठेवावा, म्हणजे त्यावर पावसाचं पाणी थांबणार नाही.

यानंतर काहीही न करण्याचा काळ येतो आणि बहुतेकांना तोच जमत नाही. कांडी सावलीत, हवेशीर जागी उभी करून ठेवायची. अंगठ्याएवढी असेल तर आठवडा-दहा दिवस, मनगटाएवढी असेल तर तीन आठवडे. आडवी ठेवली तर शेंडा उजेडाकडे वळून कांडी वाकडी होते. कापाचा भाग कडक, बुचासारखा, किंचित आत ओढलेला झाला की ती तयार. तळहातावर टकटक केलं तर सुक्या लाकडासारखा आवाज येतो. मग कोरड्या मिश्रणात दोन बोटंच खोल लावायची. खोल पुरलेली कांडी कुजते. उभी राहत नसेल तर दोन बाजूंना काटक्या रोवून सुतळीनं सैल बांधावी. आठवडाभर पाणी नाही. त्यानंतर दहा दिवसांतून एकदा कडेकडेनं थोडं. मुळं यायला चार ते आठ आठवडे. उपसून बघायचं नाही. बघण्यात नवी मुळं तुटतात.

कुज लागली तर तीही वेळेवर ओळखावी. बुंध्याचा जुना भाग तपकिरी आणि लाकडासारखा टणक होतो, ते वय आहे, रोग नाही. चमच्याच्या मागच्या टोकानं दाबून बघावं. दबला, पाणचट लागला, आंबूस वास आला तर कुज. कुजलेल्या भागातून दूध येत नाही, ही उपयोगी खूण आहे. वरच्या निरोगी भागात, आतला गर एकसारखा हिरवट-पांढरा आणि मध्ये तपकिरी कडं नाही असा काप मिळेपर्यंत चकत्या काढत वर जायचं, दर कापाला सुरी स्पिरिटनं पुसून. एकही तपकिरी ठिपका राहिला तर तो पुन्हा वर चढतो. उरलेला शेंडा वर सांगितल्यासारखा सुकवून लावावा. झाड तेच, फक्त ठेंगणं.

कीड फार नाही. कापसामुळे पिठ्या ढेकूण इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो धारेच्या खाचेत कापसासारखा बसतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपावा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि १ मिलि पातळ साबण, संध्याकाळीच. उन्हात तेलानं साल भाजते. मे महिन्यात कोरड्या हवेत शेंडा तांबूस, खरखरीत दिसू लागला तर लाल कोळी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतला तरी बराच जातो.

छाटलेल्या तुकड्यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त जीव तिथेच अडकतो. ते जाळू नयेत. होळीत नाही, चुलीत नाही, बांधावर पेटवलेल्या पालापाचोळ्यातही नाही. धुरानं डोळे आणि घसा जळतात. विहिरीत, शेततळ्यात, गव्हाणीजवळ टाकू नयेत. या कुळातल्या चिकानं मासे मारण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती, तेव्हा पाण्यात तो काय करतो ते वेगळं सांगायला नको. जाड कागदात गुंडाळून उन्हात, मुलं-गुरं पोचणार नाहीत अशा जागी पूर्ण सुकू द्यावेत, मग खड्ड्यात पुरावेत. नगरपालिकेच्या घंटागाडीत द्यायचे तर वेगळ्या बंद पिशवीत, आत काय आहे ते कामगाराला सांगून.

शेराचं कुंपण छाटायला मजूर लावतात त्यांनाही हेच सांगायला हवं. शेर दिसायला गरीब, काटा एकही नाही. सपासप विळा चालतो आणि तोंडावर शिंतोडे उडतात. दिवसभराच्या मजुरीपेक्षा कमी किमतीत चार जणांना चष्मे येतात. शेतमालकानं ते आणून द्यावेत, काम सुरू होण्याआधी आणि स्वतःहून. दुपारच्या भाकरीआधी साबणानं हात धुवायला पाणी ठेवावं. कुंपण छाटलेल्या दिवशी शाळेतून येणारी पोरं त्या बांधावरून जाणार असतील तर पडलेल्या कांड्या आधी उचलाव्यात. मुलांना त्या कांड्या मोडून दूध बघायचा मोह होतोच, कुणालाही होईल.

आषाढ लागला की कुंड्या उघड्यावरून पोर्चमध्ये घ्याव्यात. आपला पाऊस वर्षाचा ६०० ते ७०० मिलिमीटर, तो झाडाला जड नाही; जड जाते ती आठवडाभर न थांबणारी झड, कुंडीतली माती सुकायला दिवसच न देणारी. झड संपली की पुन्हा बाहेर. तोवर चैत्रात लावलेल्या कांडीनं मूळ धरलेलं असेल तर ते उपसल्याशिवायही कळतं. शेंड्याशी, दोन काट्यांच्या बरोबर मध्ये, तांदळाएवढं पोपटी पान निघालेलं असतं.